पंचगंगेचा पूर

पंचगंगेचा पूर : कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा नदीला पावसाळ्यात, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, येणारा पूर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा सुरू होते व सुमारे 80 किमी वाहून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. एवढ्या आखूड नदीचा पूर दरवर्षी बातमीत का असतो, हे तिची दोन टोके पाहिली की कळते.

वरचे टोक सह्याद्रीत आहे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिमीहून अधिक पाऊस होतो, तर खाली शिरोळ तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे शिरोळात लख्ख ऊन असतानाही नदी चढत राहते. खालचे टोक सपाट आहे. कृष्णा दुथडी भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही, ते मागे फुगते. कोल्हापुरात पाणी उतरू लागले तरी शिरोळच्या गावांत ते कित्येक दिवस ठाण मांडून बसते, ते या फुगीमुळे.

पुराची उंची कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तीही फूट-इंचांत : 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेले; हा विक्रम दोनच वर्षांत, जुलै 2021 मध्ये, 56 फूट 3 इंचांनी मोडला. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली. पावसाळ्यात लोक पातळीइतकीच आणखी एक बातमी कान देऊन ऐकतात : राधानगरीचे किती दरवाजे उघडले. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक उंचीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. प्रत्येकातून 1,428 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तर जवळजवळ 10 हजार क्युसेक.

हंगामी अंदाजावरून या पुराचा अदमास बांधू पाहणारे हमखास फसतात. भारतीय हवामान विभागाचा सुरुवातीचा अंदाज देशभरातील चार महिन्यांच्या एकूण पावसाचा असतो. पूर मात्र घाटातल्या चार-सहा दिवसांत ठरतो. 2019 चेच पाहा. एप्रिलमधील अंदाज सरासरीच्या 96 टक्क्यांचा होता, जून देशात 33 टक्के तुटीचा गेला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात महापूर आला. जुलैअखेर धरणे किती भरली आहेत, घाटमाथ्यावर सलग किती दिवस पाऊस आहे आणि सांगलीत कृष्णा किती चढली आहे, या तीन गोष्टींवरून अधिक नेमका अंदाज येतो.

पुराचे खापर अनेकदा कृष्णेवर खालच्या बाजूला, कर्नाटकात असलेल्या आलमट्टी धरणावर फुटते. त्याची पाणीपातळी 519.60 मीटरवरून वाढवण्याच्या प्रस्तावाला या भागात तीव्र विरोध आहे. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र आलमट्टीला थेट कारण मानले नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. वाद त्यामुळे मिटला नाही, पण नदीकाठची बांधकामे डोळ्यांना दिसतात, त्यांच्याबद्दल वादाला फारशी जागा नाही. साधारणतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते; 2019 आणि 2021 मधले अंतर मात्र दोन वर्षांचे.

नृसिंहवाडीत पुराला दुसरीही बाजू आहे. दत्त मंदिराच्या उत्तर दारातून शिरलेले पाणी दक्षिण दारातून बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार’ सोहळा होतो आणि त्या पाण्यात स्नानाला गर्दी लोटते.

शेतीत सर्वाधिक फटका उसाला बसतो. बुडखा बुडाला तर ऊस तग धरतो; पाणी शेंड्यावरून गेले आणि शेंड्याच्या पानांच्या सुरळीमध्ये गाळ बसला की तो कुजतो. आंबेवाडी-चिखलीच्या ग्रामस्थांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा देण्यात आल्या, पण शेत आणि जनावरे नदीकाठीच राहिल्याने पाणी ओसरताच बहुतेक जण गावात परततात.