सायलेन्सर बदलण्याआधी: मोटरसायकलच्या ताकदीचा जुना हिशोब

मे महिना आला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतही पोरांचे लडाखचे बेत सुरू होतात. गाडी बहुतेक रॉयल एनफील्डची 350 सीसीची बुलेट नाहीतर क्लासिक. सामान, मागे जोडीदार आणि चढ, एवढ्यासाठी ताकद कमी पडेल अशी धास्ती असते. गॅरेजात विचारलं की उत्तर तयार असतं: "भाऊ, इंदोरी टाकून देऊ का?" पंजाबी, गोल्डस्टार, इंदोरी, नाव कोणतंही घ्या, इलाज सायलेन्सरचाच.

सायलेन्सर मोकळा केला की ताकद वाढते, या समजुतीचं मूळ बुलेटमध्ये नाही, टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे व्हॉल्व नसलेल्या साध्या इंजिनात आहे. दूधवाल्यांची राजदूत 175 पेट्रोलसोबत ऑइलही जाळायची, त्यामुळे काही महिन्यांत सायलेन्सर काजळीने चोंदायचा. गाडी चढावर दम टाकू लागली की मिस्त्री सायलेन्सरची आतली नळी काढून जाळात टाकायचा. काजळी धगधगून जळायची, नळी ठोकून झाडली की पापुद्रे गळून पडायचे आणि गाडी पुन्हा पळायची. "सायलेन्सर मोकळा तर गाडी मोकळी" हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांचं चुकलं असं कसं म्हणणार?

टू-स्ट्रोकमध्ये हे त्याहून खोलवर खरं आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात एक्झॉस्टचा पाइप मधे फुगीर आणि पुढे निमुळता केला. धुराच्या दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि बाहेर निसटणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. 1961 मध्ये त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकीला मिळाली. पुढच्याच वर्षी सुझुकी 50 सीसीत जगज्जेती झाली. 1985 मध्ये आपल्याकडे आलेली यामाहाची आरएक्स 100 केवळ 98 सीसीतून 11 अश्वशक्ती काढायची, त्यामागे ही परंपरा होती. असा पाइप मनाला येईल तिथे कापला तर लाटेचं गणितच मोडतं, हे मात्र कापणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. राजदूत 350 ची कथा तर उलटीच: साडेतीस अश्वशक्तीची गाडी पेट्रोल फार पिते म्हणून कंपनीनेच तिची 27 ची नरम आवृत्ती काढली. आपल्या बाजारात ताकदीला मायलेजने हरवलं, ते असं.

बुलेट फोर-स्ट्रोक. तिथे व्हॉल्व दारं सांभाळतात, पाइपाला तेवढं काम उरत नाही. जुन्या बुलेटची ताकद अडली होती ती ओतीव लोखंडी इंजिनात आणि कमी कॉम्प्रेशनमध्ये (मिश्रण कमी दाबण्यात), कारण त्या काळचं पेट्रोलही कमी ऑक्टेनचं, म्हणजे जास्त दाब न सोसणारं होतं. ताकद खरोखर वाढवायची तर पिस्टन, हेड, कार्ब्युरेटर यांना हात घालावा लागे. कंपनीने स्वतःही 535 सीसीची लाइटनिंग काढताना सिलिंडरच मोठं केलं. नुसता मोकळा सायलेन्सर लावून जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी भोकाची खिळी) तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि हेड तापतं. प्लग काढून बघा: चहासारखा तपकिरी असायला हवा, तो पांढराफटक निघतो. त्यात आपला उन्हाळा. 45 अंशांच्या हवेत 15 अंशांच्या हवेपेक्षा प्राणवायू जवळपास एक दशांश कमी असतो, म्हणून चंद्रपूरच्या दुपारी गाडी जड वाटते. त्यावर सायलेन्सर काय करणार!

ताकद वाढवण्याच्या पहिल्या टप्प्याला गॅरेजात 'स्टेज वन' म्हणतात; हा शब्द रुळला हार्ले-डेव्हिडसनवाल्यांमुळे. त्यात एअर फिल्टर, सायलेन्सर आणि इंधनाचं ट्यूनिंग एकत्र बदलायचं असतं. आपल्याकडे तिसरी गोष्ट गाळली जाते आणि पहिलीत उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसतो. कापूस वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे काळ्या मातीचा धुरळा खात गाडी चालवा, मग पिस्टनच्या रिंगा काय म्हणतात ते पाहा. निळा धूर लवकरच दिसेल.

2020 च्या बीएस-6 या प्रदूषण-नियमांनंतर जेटचा प्रश्नच संपला. कार्ब्युरेटरऐवजी संगणकाने पेट्रोल सोडणारं इंजेक्शन आणि धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सर आला, त्यामुळे पाना बाजूला ठेवून मॅप, म्हणजे त्या संगणकातला इंधनाचा तक्ता बदलावा लागतो. कायदाही कडक झाला. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला अटकाव करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधीपासून होतंच. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

एवढ्या खटाटोपात 350 ची ताकद किती वाढली? जुनी बुलेट 18 अश्वशक्तीची, त्याच कंपनीची 2020 ची मीटिओर 20.2 ची. साठ-पासष्ट वर्षांत दोन! आणि तरी लोक लडाखला जाऊन आले, अजून जातात. ज्याला खरंच जास्त हवी त्याच्यासाठी 47 अश्वशक्तीची इंटरसेप्टर किंवा 40 ची हिमालयन 450 आहे. माझ्या मते 350 मध्ये पैसे घालायचेच तर आधी व्हॉल्व सेटिंग, चेन-स्प्रॉकेट आणि क्लच प्लेट यांत घालावेत.

सध्या गॅरेजात जास्त चर्चा ई-20 ची, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची चालते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. सेन्सरवाली गाडी इंधन वाढवून सांभाळून घेते. कार्ब्युरेटरच्या बुलेटला मात्र जेट एक नंबर मोठं लागू शकतं, आणि जुन्या रबरी नळ्याही तपासाव्या लागतात.