दुःख ऐकण्याचे शिक्षण : कर्करुग्णांच्या उपशामक सेवेची पार्श्वभूमी

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील लोटली गावात शांती अवेदना सदनाची शाखा आहे. बरे होण्याची आशा उरलेली नाही अशा कर्करुग्णांची अखेरपर्यंत निगा राखणारी ही संस्था डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत सुरू केली आणि भारतातील हॉस्पिस सेवेचा आरंभ तेथूनच मानला जातो. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे तिसऱ्या पायरीवरचे, तीव्र वेदनांसाठीचे मॉर्फिन परवान्यांच्या जाळ्यात अडकले होते आणि २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत ते पुरते सुटले नाही. एवढी वर्षे उपशामक सेवेच्या, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास हलका करणाऱ्या सेवेच्या, प्रशिक्षकांचे बळ मुख्यतः मॉर्फिन मिळवण्यात आणि ते निर्भयपणे वापरायला शिकवण्यात खर्च झाले, यासाठी त्यांना दोष देता येणार नाही.

परंतु वेदना आणि दुःख एकच नव्हेत, हा विचार त्याआधीच मांडला गेला होता. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा या सर्वांना व्यापणारी ‘समग्र वेदना’ ही त्यांची कल्पना रुग्णांशेजारी बसून ऐकताना घडली होती. एरिक कॅसेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९८२ मध्ये याच विचाराला नेमके रूप दिले : दुःख शरीराला होत नाही, माणसाला होते.

भारतात १९९३ मध्ये केरळातील कोळिकोडला सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या कामाने परिचारिका आणि स्वयंसेवक यांनाही या शिक्षणात आणले. वैद्यकीय महाविद्यालयांत संवाद व वृत्ती यांचे शिक्षण एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचा नियमित भाग झाले ते थेट २०१९ मध्ये.

गोव्यात दुःख ऐकण्याच्या या प्रश्नाला भाषेचीही बाजू आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पणजीत १८४२ पासून वैद्यक शिकवले गेले ते पोर्तुगीजमधून, मुक्तीनंतर इंग्रजीतून; रुग्ण मात्र कोकणी किंवा मराठीतच कण्हत राहिला. ‘मन थाऱ्यार ना’ असे एखादी आजी म्हणते, तेव्हा केसपेपरवर झोपेच्या गोळीची नोंद करून पुढच्या खाटेकडे वळणे सोपे असते. खुर्ची ओढून बसणे आणि ‘कशामुळे, आजी?’ असे तिच्याच भाषेत विचारून उत्तराची वाट पाहणे, हे सरावाने शिकावे लागते.