‘येना’ आणि ‘आजून येना’

गोव्यात डिचोलीजवळच्या एका गावात, मराठी प्राथमिक शाळेत, पहिलीतला एक मुलगा ‘क’ गिरवत होता. खोडरबर घासून घासून कागदाला भोक पडलं, तसा पेन्सिल ठेवून म्हणाला, “म्हाका येना,” म्हणजे ‘मला येत नाही’. बाई म्हणाल्या, “आजून येना, अशें म्हण.”

या ‘अजून’वर कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार भर दिला. अपयश आलं की काही मुलं हातपाय का गाळतात, याचा अभ्यास त्यांनी १९७०च्या दशकात सुरू केला. १९९८मध्ये क्लॉडिया म्युलर यांच्याबरोबर केलेले त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. मेहनतीचं कौतुक झालेल्या बहुतेकांनी पुढे अवघड काम मागून घेतलं. ‘हुशार’ ठरलेल्यांपैकी बरीच सोप्याकडे वळली आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरीही घसरली. २००६मध्ये ड्वेक यांचं पुस्तक आलं आणि ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे मेहनतीने क्षमता वाढते ही धारणा, हा शब्द शाळाशाळांत पोचला.

आपण म्हणू, हे तर आपल्याकडे होतंच: ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’. पण भर्तृहरीचा हा श्लोक वामन पंडितांच्या मराठीत शेवटपर्यंत वाचा. तेल गळेल, पण मूर्खाचं मन वळणार नाही, असं तो सांगतो. अर्धा श्लोक फळ्यावर लिहायचा आणि उरलेला अर्धा ‘ढ’ म्हणून मुलाच्या कपाळी मारायचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्याविरुद्ध गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हे बालशिक्षणतज्ज्ञ उभे राहिले. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुलाला शिक्षेचा धाक नको, तसं बक्षिसाचं आमिषही नको, ही त्यांची भूमिका मला आजही सर्वांत मोलाची वाटते.

मग हे ‘अजून’ लहान मुलाला दाखवायचं कसं? एक वाट चित्रांची. चित्रांतून शिकवण्याची ही वाट त्याहून जुनी. कोमेनिअस या युरोपीय शिक्षणतज्ज्ञाचं सचित्र पाठ्यपुस्तक १६५८चं. आपल्याकडे २००४मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने मराठीसह अनेक भाषांत स्वस्त चित्रपुस्तकं आणली. गोव्यात मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गावोगावी मराठी शाळा झाल्या. २००५पासून ‘बुकवर्म’ ही संस्था मुलांपर्यंत पुस्तकं पोचवते आहे.

चित्रपुस्तकाकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांना ‘ग्रोथ माइंडसेट’चा छोटा धडा देऊन केलेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मागे पडलेल्यांचे गुण वाढले, पण थोडेच. शिवाय ती मुलं मोठी होती. पहिलीतल्या मुलाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. त्याला ‘प्रयत्न कर’ हे वाक्य नुसतं हवेत राहतं; चित्रपुस्तकातला पडलेला मनोरा आणि पुढच्या पानावर तो पुन्हा रचणारे हात मात्र दिसतात.

त्या शाळेत बाई गोष्ट मराठीत वाचतात आणि मुलं चित्रांवर कोंकणीत बोलतात. मनोरा पडलेल्या पानावर मुलं सगळ्यांत जास्त वेळ थांबतात. पान उलटायची घाई बाईही करत नाहीत.