कमी खर्चात रेसचे इंजिन : 1.3 लिटर, चार सिलिंडर, टर्बोशिवाय
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मारुतीच्या जुन्या एस्टीमचे किंवा जिप्सीचे 16 व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेले) इंजिन घेऊन जे ग्राहक आमच्याकडे येतात, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. कुणाला ऑटोक्रॉसला (वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकवर) उतरायचे असते, कुणाला रॅलीला, कुणाला ड्रॅगला (सरळ रेषेतल्या शर्यतीला). पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच : "किती बीएचपी (ताकद) निघतील?" त्यावर आम्ही उलट विचारतो, "किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेरे) फिरवणार?" तुमचे बिल त्या उत्तरावर ठरते. म्हणून काम सोपवण्याआधी एवढे वाचून घ्या.

आधी आरपीएम ठरवा

बीएचपीचा हिशोब सोपा आहे. टॉर्क (फिरवण्याचा जोर) न्यूटन मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा आणि 7121 ने भागा. जिप्सी किंगचे कंपनीचे आकडे आहेत 4500 ला 103 न्यूटन मीटर आणि 6000 ला 80 बीएचपी. उलटा हिशोब केला तर 6000 ला टॉर्क 95 वर उतरलेला दिसतो. म्हणजे वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कमी पडतो. आपले काम एवढेच, की हा टॉर्क वर गेल्यावरही पडू द्यायचा नाही. 7200 ला 108 न्यूटन मीटर टिकवला तर 109 बीएचपी होतात. बेताच्या बजेटमध्ये आम्ही धरतो ते उद्दिष्ट हेच, साधारण 110.

"मग 8500 ला फिरवू, 130 निघतील." निघतील, कागदावर. पण पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ओढा आरपीएमच्या वर्गाने वाढतो. 6000 च्या मानाने 7200 ला तो 1.44 पट होतो आणि 8500 ला थेट दुप्पट. कंपनीचे रॉड नीट तयारी केली तर पहिला आकडा सोसतात. दुसऱ्यासाठी फोर्ज्ड रॉड, फोर्ज्ड पिस्टन, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा आणि वेगळा ऑइल पंप लागतो. वरच्या 20 बीएचपींसाठी सगळे बजेट पुन्हा एकदा मोजावे लागते. ज्यांची तयारी आहे त्यांचे काम आम्ही आनंदाने करू, पण हे पत्रक त्यांच्यासाठी नाही.

इंटरनेटवर 1.3 लिटरमधून 180-200 चे आकडे वाचून येणाऱ्यांसाठी एक तुलना. होंडाने 1999 साली एस2000 गाडीत दोन लिटरचे इंजिन दिले. जपानमध्ये त्याची ताकद होती 250 पीएस (बीएचपीच्या जवळचेच माप), 8300 आरपीएमला. लिटरमागे 125. रस्त्यावर विकल्या गेलेल्या बिनटर्बो इंजिनांत हे काम आजही अव्वल मानले जाते आणि त्यामागे एका मोठ्या कंपनीची प्रयोगशाळा होती. सुझुकीने स्वतः स्विफ्ट जीटीआयमध्ये याच क्षमतेच्या इंजिनाला दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) देऊन 100 च्या आसपास काढले होते. तेव्हा एका कॅमच्या इंजिनातून 110 काढून ते हंगामभर टिकवणे ही काही छोटी गोष्ट नाही.

हेड : इथे हात आखडता घेऊ नका

दहा रुपये असतील तर त्यातले चार हेडवर (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) घाला. बिनटर्बो इंजिनात हवा ढकलायला कुणी नसते, ती पिस्टनच्या ओढीने जेवढी आत येईल तेवढीच.

पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) मोठे करा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही ते सहसा करत नाही. पोर्ट मोठा झाला की हवेचा वेग पडतो आणि 4000 च्या खाली गाडी मेल्यासारखी चालते. खरी अडचण असते ती व्हॉल्व्ह सीटच्या खालच्या पहिल्या दहा-बारा मिलिमीटरमध्ये. कास्टिंगची कडा तिथे पायरीसारखी राहिलेली असते, गाइडचा उंचवटा वाटेत येतो आणि पोर्टचा वळणाकडचा आतला कोपरा टोकदार असतो. बोट घालून पाहिलेत तर ती पायरी नखाला लागते. तेवढीच घासून सरळ करायची. मग सीटला 30, 45 आणि 60 अंशांचे तीन कट. 45 ची पट्टी इनटेकला साधारण एक-सव्वा मिलिमीटर ठेवतो. एक्झॉस्टला थोडी जास्त, कारण त्या व्हॉल्व्हची उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते.

इनटेक पोर्ट आरशासारखा चमकवून मागू नका. त्याने फायदा होत नाही, मजुरी मात्र वाढते.

कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन वाढवणे, म्हणजे आत आलेले मिश्रण जास्त दाबणे, हे काम मापाशिवाय करायचे नसते. हेड उलटे ठेवायचे, प्लग बसवायचे, व्हॉल्व्ह ग्रीस लावून बंद करायचे, वर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी दाबायची आणि ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडायचे. चारही चेंबरचे आकडे लिहून घ्यायचे. ते एकमेकांशी जुळत नसतील तर आधी जुळवायचे.

या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75.5, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान 324.7 सीसी. कॉम्प्रेशन 9.5 धरले तर वर 38.2 सीसी जागा उरते. 10.5 करायचे तर ती 34.2 वर आणावी लागते. फक्त चार सीसी. त्यातले काही हेड फेसिंगने मिळतात, काही पातळ गॅस्केटने. गॅस्केट दहावा हिस्सा मिलिमीटर पातळ झाले की साधारण 0.43 सीसी कमी होतात.

या खटाटोपातून निव्वळ कॉम्प्रेशनचा फायदा पाहिला तर हिशोबाने जेमतेम 3 टक्के. मग करायचे कशाला? कॅमसाठी. रेसचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. पिस्टन वर निघाल्यावरही व्हॉल्व्ह उघडाच असतो, आत आलेली थोडी हवा खालच्या आरपीएमला परत जाते आणि प्रत्यक्षातला दाब पडतो. तो भरून काढायला कॉम्प्रेशन वाढवायचे. कॅम कंपनीचाच ठेवणार असाल तर या खर्चाच्या भानगडीत पडू नका.

आणखी एक. हेड घासले की क्रँक आणि कॅममधले अंतर घटते आणि बेल्टवरच्या कॅमचे टायमिंग थोडे मागे सरकते. त्यासाठी अॅडजस्ट होणारी पुली लागते. आमच्या अंदाजपत्रकात ती धरलेली असते. दुसऱ्याचे अंदाजपत्रक स्वस्त दिसले तर त्यात ही पुली आहे का, ते पाहा.

कॅम

नव्या कॅमपेक्षा जुना कॅम घासून नवा आकार देणे स्वस्त पडते. बेस सर्कल लहान होते, रॉकरवरच्या अॅडजस्टरला तेवढी जागा आहे का ते आम्ही तपासतो. कॅम बसल्यावर पिस्टनवर मळलेली माती ठेवून, हेड आवळून, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो. मग हेड काढून मातीवरचा ठसा कापून त्याची जाडी मोजतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच अंतर हवे. त्याहून कमी आले तर पिस्टनमध्ये खाच घालावी लागते. या तपासणीत अर्धा दिवस जातो आणि तो आम्ही बिलात लावतो. त्यावर घासाघीस करू नये ही विनंती.

जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम घेतला की आयडलिंग बिघडते आणि खालचा टॉर्क जातो. ड्रॅगला ते चालून जाते. मातीतल्या ऑटोक्रॉसला, जिथे प्रत्येक वळणातून 3500 वरून उचलायचे असते, तिथे मध्यम कॅमवाला मोठ्या कॅमवाल्याला मागे टाकतो.

खालचा भाग

ब्लॉक झिजला नसेल तर बोअरिंग करू नका. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइजने जेमतेम 18 सीसी वाढतात, त्यात काही हाती लागत नाही. बोअर अंडाकृती झाला असेल तर मात्र पर्याय नाही. तेव्हा ब्लॉकवर हेडच्या जागी जाड प्लेट पूर्ण टॉर्कने आवळून मगच होनिंग (बोअर आतून घासून अचूक गोल करणे) करायचे. हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार बदलतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर नंतर गोल राहत नाही. क्रँक ग्राइंडिंग आम्ही स्वतः करत नाही, उद्यमनगरातच करून घेतो. कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या काळापासून हे काम जाणणारे हात आहेत, त्याचा फायदा घ्यायचा.

पिस्टन आणि रॉड सोनाराच्या काट्यावर तोलून एका ग्रॅमच्या आत आणतो. रॉडची दोन्ही टोके वेगवेगळी तोलायची, कारण एकूण वजन सारखे असूनही मोठे टोक जड असू शकते. वरच्या रिंगेची गॅप 0.30 मिलिमीटरच्या आसपास.

रॉड बोल्ट नवेच घ्या. आमच्याकडे ब्लॉकला भोक पडून आलेल्या इंजिनांत रॉड क्वचितच मधून मोडलेला असतो, बोल्ट आधी ताणलेला असतो. शे-दोनशे रुपये वाचवून जुने बोल्ट परत वापरणाऱ्याला आम्ही इंजिन बांधून देत नाही.

आणि सम्प, म्हणजे इंजिनाखालचा तेलाचा डबा. लांब वळणात तेल एका बाजूला जाते, तेल ओढणारी नळी (पिक-अप) उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग काही सेकंदांत चिकटते. सम्पमध्ये पत्र्याचे आडवे पडदे आणि छोटे झडपदार कप्पे वेल्डिंग करून घेतले की हा धोका बराच टळतो. अख्ख्या इंजिनात खर्चाच्या मानाने इतके उपयोगी दुसरे काम नाही. त्याने एकही बीएचपी वाढत नाही, म्हणून कुणी मागत नाही.

एक्झॉस्ट आणि थ्रॉटल

एक्झॉस्टला 4-2-1, म्हणजे चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2, म्हणून पहिला आणि चौथा एकत्र, दुसरा आणि तिसरा एकत्र. 4-1 चा एक्झॉस्ट वरच्या आरपीएमला थोडी जास्त ताकद देतो, पण मधला पट्टा अरुंद होतो.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल (हवेची झडप) दिसायला देखणे आणि प्रतिसादालाही झकास. जुन्या मोठ्या बाइकचे थ्रॉटल बॉडी मिळाले तर स्वस्तातही होते. तरी हेड, कॅम आणि सम्प झाल्यावर पैसे उरले तरच. आधी हे करणे म्हणजे आधी कळस मग पाया.

ईसीयू, पेट्रोल आणि चेन्नईची हवा

कंपनीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) कंपनीच्या कॅमसाठी लिहिलेला असतो. मोठ्या कॅमने मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम डळमळतो आणि त्याचे गणित चुकते. बजेटमध्ये स्पीडुइनो हा चांगला मार्ग आहे. तो आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डवर चालतो, त्याचा आराखडा खुला आहे आणि बिघडला तर दुरुस्त होतो. सोबत वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून मिश्रणाचे प्रमाण मोजणारा) हवाच, तो नसेल तर मॅपिंग (केव्हा किती पेट्रोल द्यायचे ते ठरवणे) म्हणजे अंधारात तीर.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याला हवेचे प्रमाण वेगळे लागते, म्हणून मीटरवर 12.8 की 13.2 असा वाद घालण्यापेक्षा लॅम्डा वाचा (1 म्हणजे हवा आणि पेट्रोल नेमके, त्याखाली पेट्रोल जास्त). पूर्ण थ्रॉटलला 0.86 ते 0.90. 10.5 कॉम्प्रेशनला 95 ऑक्टेन पुरते. इंडियन ऑइलचे 100 ऑक्टेनचे एक्सपी100 डिसेंबर 2020 पासून काही शहरांत मिळते, पण महाग पेट्रोलने आपोआप ताकद वाढत नाही. इग्निशनचे टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे घेता आले तरच त्याचा उपयोग. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप मात्र सगळे बदला, इथेनॉलने ते फुगतात आणि भेगाळतात.

आता ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. कोल्हापूर किंवा पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथली हवा सुमारे 5 टक्के विरळ. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक चेन्नईजवळ, जवळपास समुद्राच्या पातळीवर. स्वतंत्र थ्रॉटलची गाडी बहुधा थ्रॉटल किती उघडा आहे त्यावर मॅप केलेली असते. इथे बरोबर असलेले मिश्रण तिथे दाट हवेत लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते आणि पिस्टनचा वरचा भाग वितळेपर्यंत मजल जाते. म्हणून हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर आम्ही लावतोच.

जे काम आम्ही घेत नाही

एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतीतली, सील केलेली इंजिने उघडत नाही. एलजीबी फॉर्म्युला 4 मध्ये याच घराण्यातले स्विफ्टचे 1.3 इंजिन असते, म्हणून विचारणा होते. उत्तर नाहीच. बिडाचे फ्लायव्हील घासून घासून पातळ करत नाही. ते 7000 ला फुटले तर बेल हाउसिंगमधून थेट पायांपर्यंत येते. रस्त्यावर चालणाऱ्या, पासिंग असलेल्या गाडीत हे इंजिन बसवून देत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचा, विमाही हातचा जाईल.

इंजिन आणताना

कोणत्या वर्गात उतरणार ते लिहून आणा आणि त्या वर्षीची एफएमएससीआयची (देशातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेची) नियमावली सोबत ठेवा. काही वर्गांत कॅम चालतो पण थ्रॉटल नाही, काहींत उलट. नियमाबाहेरचे इंजिन कितीही चांगले बांधले तरी तांत्रिक तपासणीत बाद होते. गिअरबॉक्सचे रेशो आणि टायरचे माप सांगा, कारण कॅम त्यावरून निवडतो. दरपत्रक वेगळे दिले आहे. त्यातले दर मजुरीचे आहेत, सुट्या भागांची बिले मूळ पावतीसह मिळतील.

इंजिन ताब्यात घेतल्यावर पहिल्या धावांत साधे मिनरल ऑइल वापरा आणि रिंगा बसण्यासाठी इंजिनाला मध्यम लोड द्या. आयडलिंगवर तासभर घरघरत ठेवू नका, त्याने बोअर गुळगुळीत होतो आणि इंजिन जन्मभर तेल खाते. पहिल्या इव्हेंटनंतर टॅपेट तपासायला गाडी इकडे आणा. त्या वेळी काढलेला तेलाचा फिल्टर टाकून देऊ नका. तो पिशवीत घालून सोबत आणा, आम्ही तो तुमच्यासमोर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडून पाहतो. चमचमणारी बारीक पूड दिसली तर सम्प त्याच दिवशी उतरवतो.