'डबा' विरुद्ध 'लॉटरी'

स्पॅम, म्हणजे न मागता येणारे जाहिरातींचे नि फसवणुकीचे मेल, कसे अडवायचे? आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं ठाम मत आहे : "वाईट शब्दांची यादी करायची, त्यातला शब्द दिसला की मेल कचऱ्यात. सोपं आहे की!" पण 'लॉटरी' या शब्दाचं काय करणार? 1969 साली महाराष्ट्र सरकारनंच लॉटरी काढली. तिची तिकिटं विकणाऱ्याला हा शब्द रोज लागणार.

1978 मध्ये गॅरी थर्क यानं संगणकाच्या जाहिरातीचा मेल सुमारे 400 जणांना धाडला, तेव्हापासून स्पॅम आहे. यादीपेक्षा शहाणा उपाय म्हणजे प्रत्येक शब्द स्पॅममध्ये किती येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती, हे मोजून संशय ठरवायचा. तो लोकांच्या गळी उतरवला पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरनं, 2002 मध्ये. त्यामागचं गणित थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याचं. त्याच्या मृत्यूनंतर, 1763 साली छापलेलं.

हे गणित माझं फार लाडकं, म्हणून आकडेच मांडतो. समजा, तुमच्या 1000 मेलपैकी 200 स्पॅम, 800 चांगले. 'लॉटरी' हा शब्द स्पॅमपैकी 40 मध्ये सापडला, चांगल्यांपैकी फक्त 4 मध्ये. म्हणजे तो शब्द असलेल्या 44 पैकी 40 स्पॅम. संशय 91 टक्के. आता लिंक घ्या. ती स्पॅमपैकी 120 मध्ये आहे, पण चांगल्यांपैकीही 160 मध्ये आहे, कारण वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सगळ्यांतच लिंक असते. नुसत्या लिंकवरून संशय जेमतेम 43 टक्के.

दोन्ही एकत्र आले तर? मुळात स्पॅमचं चांगल्यांशी प्रमाण 1 ला 4. 'लॉटरी' स्पॅममध्ये 40 पट जास्त आढळते (20 टक्के विरुद्ध अर्धा टक्का), लिंक 3 पट. पाव गुणिले 40 गुणिले 3, म्हणजे 30 ला 1, अशा 31 मेलपैकी 30 स्पॅम. संशय जवळपास 97 टक्के. आता त्याच मेलमध्ये 'डबा' हा शब्द आला. स्पॅममध्ये तो 200 पैकी एकात, चांगल्यांत 800 पैकी 80 मध्ये. म्हणजे 20 पट कमी. 30 भागिले 20, म्हणजे दीडाला 1, पाचापैकी तीन स्पॅम. संशय घसरून 60 टक्क्यांवर! स्पॅमवाल्यांनाही हे कळलं, आणि ते मेलच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत साधासुधा मजकूर चिकटवू लागले.

या पद्धतीला 'भाबडी' म्हणतात. 'मोफत' आणि 'बक्षीस' नेहमी जोडीनं फिरतात, तरी ती त्यांना दोन वेगळे साक्षीदार धरते. तरी काम बऱ्यापैकी भागतं.

अडतं ते घरच्या माणसांपाशी. 'हा संदेश 11 जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल', हे पूर्वी पोस्टकार्डावर यायचं, आता मेलवर येतं. त्यात ना लिंक, ना लॉटरी. नुसते देव आणि आशीर्वाद. आत्याचे असे मेल आले की मी वैतागून स्पॅमचं बटण दाबत राहिलो. प्रत्येक वेळी 'आशीर्वाद'च्या खात्यात स्पॅमच्या बाजूला एकाची भर. परवा कचऱ्यात तिच्या नातवाच्या मुंजीचं आमंत्रण सापडलं. मुंज होऊन चार दिवस झाले होते.