शिडाच्या नौकेवरील कापडी छत

शिडाच्या नौकेवर उन्हापासून बचावासाठी स्वतःच्या सांगाड्यावर उभे केलेले कापडी आच्छादन. ते डोलकाठीला टांगत नाहीत की बुमावरून (शिडाच्या तळाची आडवी काठी) टाकत नाहीत. याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘बिमिनी’. मायामीच्या पूर्वेस सुमारे ८० किमी.वर असलेल्या बहामातील बिमिनी बेटांचे हे नाव.

जुनी रीत साधी होती. नांगर पडला की शीड उतरवायचे, बुमावर ताडपत्री टाकायची आणि तिच्या कडा दोन्ही बाजूंच्या कठड्यांना बांधायच्या. सावली मिळे, पण कडेला ताठ उभे राहता येत नसे. शिवाय निघायचे म्हटले की आधी सगळे सोडत बसावे लागे. स्वतंत्र सांगाड्यामुळे बूम मोकळा राहतो. बिमिनीत स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीच्या कमानी बिजागरीवर बसवतात आणि नको तेव्हा दुमडतात. दुसरा प्रकार हलका आहे. घुमटाकार तंबूला असतात तशा फायबरग्लासच्या लवचिक काड्या कापडाच्या नेफ्यातून ओवायच्या, वाकवून कोपऱ्यांत अडकवायच्या आणि कोपरे दोऱ्यांनी ताणून बांधायचे. नाळेकडच्या (नौकेच्या पुढच्या टोकाकडच्या) डेकवर पक्की कमान पायात येते, तिथे हाच प्रकार सोयीचा. कोकणात होड्यांवर बांबूवर ताणलेली ताडपत्री दिसते, तीही याच कुळातली म्हणायला हरकत नाही.

सावली करणे सोपे. कापडाला शीड होऊ न देणे अवघड. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्याला आडव्या येणाऱ्या दर चौरस मीटरवर साधारण दीड किलोचा भार पडतो. २० नॉटला तो साडेसहा किलो होतो आणि ४० नॉटला सव्वीस. म्हणून काड्यांचे छत नांगरावर असतानाच लावतात आणि वारा चढू लागला की आधी तेच उतरवतात. छत कुठे आहे यानेही फरक पडतो. मागचे छत नाळ वाऱ्याच्या तोंडाला ठेवायला मदत करते. पुढचे छत नाळ बाजूला रेटते आणि नौका नांगरावर डावी-उजवी हेलकावत राहते.

बिमिनी चालत्या नौकेवरही राहते, पण तिच्याखाली सुकाणू धरलेल्याला शीड दिसत नाही. त्यासाठी छतात पारदर्शक खिडकी शिवतात. तोल गेला की हात आपसूक कमानीच्या नळीकडे जातो. बहुतेक कमानी मात्र माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेल्या नसतात.

छत ताणणे हे खलाशाचेच काम, हे रोमनांनाही ठाऊक होते. कोलोसियमवरचे प्रचंड कापडी छत ओढायला इटलीतील मिसेनम या तळावरच्या आरमारातले खलाशी असत.

कापड बहुधा ॲक्रिलिकचे असते. त्याचा रंग धागा तयार होतानाच मुरवलेला असल्याने लवकर विटत नाही. ऊन आधी खाते ते शिवणीला. पॉलिएस्टरचा दोरा कापडाच्या कितीतरी आधी जीर्ण होतो. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा उन्हाला दाद देत नाही, पण महाग पडतो. मिठाने कापडाची चेन (झिप) धरते, म्हणून छत अधूनमधून गोड्या पाण्याने धुतात. शिवणीची परीक्षा नखाने होते: टाक्यांवरून नख जोरात ओढायचे आणि दोरा तुटला तर छत उतरवून पुन्हा शिवायला द्यायचे.