औषधरोधी अपस्मार : औषधोपचार

योग्य निवडलेली आणि रुग्णाला सोसणारी दोन औषधे, एकेकटी किंवा जोडीने, पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नाहीत, असा अपस्मार (फेफरे, मिरगी). जुन्या लेखनात यास ‘दुर्दम्य अपस्मार’ म्हटलेले आढळते. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० च्या सुमारास मांडली. झटके थांबले असे मानण्यासाठी बारा महिने, किंवा उपचारापूर्वी दोन झटक्यांमध्ये गेलेल्या सर्वांत दीर्घ काळाच्या तिप्पट काळ, यांपैकी जो अधिक असेल तो झटक्याविना जावा लागतो. ‘दोन’ या आकड्यामागे ग्लासगो येथील क्वान व ब्रॉडी यांची पाहणी (२०००) प्रामुख्याने दिसते. पूर्वी औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने झटकेमुक्त झाले. दुसऱ्या वा तिसऱ्या औषधाने आणखी केवळ १४ टक्के.

औषधे निष्प्रभ का ठरतात, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार रक्त व मेंदू यांमधील अडथळ्यावरील पी-ग्लायकोप्रोटीन हे वाहक प्रथिन औषध मेंदूबाहेर लोटते. २००३ मध्ये हे प्रथिन घडवणाऱ्या एबीसीबी१ जनुकाच्या एका प्रकाराशी रोधाचा संबंध दाखवण्यात आला, पण पुढील अनेक पाहण्यांत तो टिकला नाही. शिवाय सर्वच औषधे या प्रथिनाकडून वाहून नेली जात नाहीत. दुसरे मत लक्ष्यबदलाचे : औषध पेशीच्या ज्या भागावर काम करते, तोच बदलतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग) ऊतकात कार्बामाझेपिन या अपस्माराच्या औषधाचा सोडियम मार्गिकांवरील (चेतापेशीत सोडियम आत घेणारी द्वारे) परिणाम क्षीण आढळला. मात्र निराळ्या लक्ष्यांवर काम करणारी औषधेही एकाच रुग्णात हरतात, ते यातून उलगडत नाही. म्हणून मूळ विकाराची तीव्रता व चेतापेशींच्या जाळ्यातील बदल यांसह अनेक कारणे मिळून रोध निर्माण होतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तिसरे औषध वाढवण्यापूर्वी रोध खरा की भासमान, हे तपासणे अत्यावश्यक असते. चुकलेल्या गोळ्या, मूर्च्छा किंवा मानसिक कारणाचे झटके, अयोग्य औषध हे सारे रोधासारखेच दिसते. किशोरवयीन मायोक्लोनिक (स्नायूंना अचानक हिसके देणाऱ्या) अपस्मारात कार्बामाझेपिनने झटके वाढू शकतात; ड्राव्हे लक्षणसमूहात (तान्हेपणी सुरू होणारा तीव्र अपस्मार) सोडियम मार्गिका रोखणारी औषधे टाळतात.

जोडऔषधांत भिन्न कार्यपद्धतींची निवड करतात. व्हॅल्प्रोएट व लॅमोट्रिजिन ही जोडी गुणकारी मानली जाते. परंतु व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिन शरीरात दीर्घकाळ राहते, म्हणून लॅमोट्रिजिनची मात्रा अगदी सावकाश वाढवावी लागते, अन्यथा त्वचेवर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. स्त्रीरुग्णांत गर्भधारणेची शक्यता असल्यास व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात. क्लोबाझाम हे भारतात नेहमीचे पूरक औषध आहे. सेनोबामेट या नव्या औषधाच्या एका चाचणीत ४०० मिग्रॅ. मात्रेवर २१ टक्के रुग्ण स्थिर मात्रेच्या काळात झटकेमुक्त राहिले. छद्मौषधावर (औषधासारखे दिसणारे, पण औषधी घटक नसलेले) १ टक्का. ड्राव्हे व लेनॉक्स-गॅस्टो (बालपणीचा आणखी एक तीव्र अपस्मार) लक्षणसमूहांसाठी कॅनाबिडिऑल या भांगेच्या वनस्पतीतील द्रव्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याने क्लोबाझामच्या क्रियाशील चयापचयजाची (शरीरात औषधापासून बनणाऱ्या द्रव्याची) रक्तातील पातळी वाढते व गुंगी येते.

दोन औषधे हरल्यावर शस्त्रक्रियेची शक्यता तपासण्यास विलंब करू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मुलांच्या चाचणीत (२०१७) वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के झटकेमुक्त होती, केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के.